ठिपक्यांचा कागद आणि डेटाबेसची क्वेरी

लालबागच्या चाळीत दिवाळीच्या दोन दिवस आधी आई जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालून पेटत्या उदबत्तीने त्याला सारख्या अंतरावर भोके पाडीत असे. गॅलरीत गेरूने रंगवलेल्या चौकोनावर तो कागद अंथरून वरून रांगोळीची पूड फिरवली की खाली ओळीने ठिपके उमटत, आणि मग कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे खरे काम सुरू होई. पुढे नोकरीत डेटाबेसमधून विक्रीचे अहवाल काढताना, दोन टेबले, म्हणजे माहितीचे तक्ते, एकमेकांशी आडवीउभी जोडली गेली की त्यांतून नेमका तसाच ठिपक्यांचा कागद तयार होतो, हे माझ्या लक्षात आले. तेव्हापासून फावल्या वेळात मी क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून, रांगोळ्या, पतंग आणि कंदील काढत आलो आहे. त्यांपैकी एक रांगोळी आणि एक पतंग कसा काढायचा, ते येथे सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. वहीवर चित्र काढताना पेन्सिल कोठून कोठे न्यायची, हे आपण ठरवतो. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, पेन्सिलच नसते. तेथे कागदावरच्या प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारायचा असतो, तो म्हणजे ‘तू चित्रात आहेस का?’ आणि या प्रश्नाची अट अचूक मांडली की चित्र आपोआप उमटते. ज्यांना इतर भाषांमध्ये फेऱ्या मारत प्रोग्रॅम लिहिण्याची सवय आहे, त्यांना ही कलाटणी पहिल्या दिवशी जड जाते. ज्यांनी कधीच प्रोग्रॅम लिहिलेला नाही, त्यांना ती बहुधा सहज जमते, असा माझा अनुभव आहे.

साधन म्हणून एसक्यूलाइट हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर घ्यावे. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, ते विनामूल्य आहे, आणि एक छोटी फाइल उतरवून घेतली की काम सुरू करता येते. आवृत्ती मात्र ३.४४ किंवा त्यानंतरची असावी; कारण पुढे येईलच.

टंकलेखनाबद्दलही येथेच सांगून टाकतो. या लेखातील आज्ञा मी त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द आणि सर्व आकडे नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टंकावेत. टेबलांची आणि रकान्यांची नावे मात्र आहेत तशी मराठीत ठेवली तरी चालतात. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस देवनागरी अक्षरे नाव म्हणून कोणत्याही अवतरणाशिवाय स्वीकारतात, आणि ‘क्ष’ नावाचा रकाना पाहून मला आजही बरे वाटते. मात्र या औदार्यात एक खोच आहे. मराठी १ हा आकडासुद्धा एसक्यूलाइटच्या लेखी अक्षरच असतो, त्यामुळे चुकून मराठी आकडा पडला तर ‘असा रकाना नाही’ अशी तक्रार येते आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो.

आता रांगोळी. ‘११ ते ६ ठिपके’ हा प्रकार बहुतेक घरांत माहीत असतो. मधल्या ओळीत ११ ठिपके, तिच्या वर आणि खाली १०, मग ९, असे करत दोन्ही टोकांना ६ ठिपके, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धा ठिपका सरकलेली. एकूण ओळी ११ आणि ठिपके ९१. ही अर्ध्या ठिपक्याची सरक संगणकावर आणण्यासाठी कागद दुप्पट रुंद घ्यावा, म्हणजे २१ रकाने आणि ११ ओळी, आणि त्यात एकाआड एक घर रिकामे सोडावे. पूर्ण क्वेरी अशी होते:

```
विथ रिकर्सिव्ह
  आडवे(क्ष) ॲज (
    सिलेक्ट १
    युनियन ऑल
    सिलेक्ट क्ष + १ फ्रॉम आडवे व्हेअर क्ष < २१
  ),
  उभे(य) ॲज (
    सिलेक्ट १
    युनियन ऑल
    सिलेक्ट य + १ फ्रॉम उभे व्हेअर य < ११
  )
सिलेक्ट ग्रुप_कॉन्कॅट(
    केस व्हेन ॲब्स(क्ष - ११) + ॲब्स(य - ६) <= १०
          अँड (क्ष + य) % २ = १
         देन '●' एल्स '·' एंड,
    '' ऑर्डर बाय क्ष)
फ्रॉम उभे क्रॉस जॉइन आडवे
ग्रुप बाय य
ऑर्डर बाय य;
```

आणि तिचे उत्तर असे येते:

```
·····●·●·●·●·●·●·····
····●·●·●·●·●·●·●····
···●·●·●·●·●·●·●·●···
··●·●·●·●·●·●·●·●·●··
·●·●·●·●·●·●·●·●·●·●·
●·●·●·●·●·●·●·●·●·●·●
·●·●·●·●·●·●·●·●·●·●·
··●·●·●·●·●·●·●·●·●··
···●·●·●·●·●·●·●·●···
····●·●·●·●·●·●·●····
·····●·●·●·●·●·●·····
```

पहिल्या अर्ध्या भागात काही जादू नाही. ‘आडवे’ हे तात्पुरते टेबल १ पासून सुरू होते आणि प्रत्येक वेळी स्वतःच्याच शेवटच्या आकड्यात १ मिळवत २१ पर्यंत जाते; ‘उभे’ तसेच ११ पर्यंत जाते. स्वतःलाच हाक मारणारी ही रचना एसक्यूएलच्या प्रमाण नियमांत (स्टँडर्डमध्ये) १९९९ साली आली, पण सर्वांच्या हाती पडायला बराच वेळ लागला. पोस्टग्रेसमध्ये ती २००९ साली आली, एसक्यूलाइटमध्ये २०१४ साली, आणि मायएसक्यूएलमध्ये थेट ८.० या आवृत्तीबरोबर २०१८ साली. क्रॉस जॉइन म्हणजे प्रत्येक उभ्या आकड्याची प्रत्येक आडव्या आकड्याशी जोडी लावणे. ११ गुणिले २१ अशी २३१ घरे त्यातून तयार होतात. आईचा भोके पाडलेला कागद तो हाच.

चित्र आहे ते केसच्या दोन अटींमध्ये. कागदाचा मध्य ११ व्या रकान्यात आणि ६ व्या ओळीत आहे. मध्यापासून आडवे अंतर आणि उभे अंतर यांची बेरीज १० पेक्षा जास्त झाली की घर रांगोळीच्या बाहेर पडते, ही पहिली अट. तिच्यामुळे चारही कोपरे छाटले जातात. रकाना आणि ओळ यांची बेरीज विषम असेल तरच ठिपका द्यायचा, ही दुसरी अट. तिच्यामुळे एकाआड एक घर रिकामे राहते आणि पुढची ओळ आपोआप अर्धा ठिपका सरकते. दोन्ही अटी समजल्यासारख्या वाटल्या की एक एक करून त्या काढून टाकाव्यात आणि चित्राचे काय होते ते पाहावे. माझ्या मते क्वेरी शिकण्याचा याहून चांगला व्यायाम नाही, कारण येथे चूक आकड्यांत लपून राहत नाही, डोळ्यांना दिसते.

ग्रुप बाय य प्रत्येक ओळीतील २१ चिन्हे एकत्र आणते आणि ग्रुप_कॉन्कॅट त्यांची माळ ओवते. या माळेतील ‘ऑर्डर बाय क्ष’ हे तीन शब्द निरुपयोगी समजून गाळू नयेत. टेबलातील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो. आपण क्रम मागितला नाही तर डेटाबेस त्या कोणत्याही क्रमाने देण्यास मोकळा असतो. एसक्यूलाइट बहुधा अपेक्षित क्रमानेच देतो, म्हणून शंभर वेळा चित्र नीट येते. एरवी अहवालात दोन ओळी मागेपुढे झाल्या तर कोणाच्या ध्यानात येत नाही, पण चित्रात एक ठिपका सरकला तरी रांगोळी विस्कटते. माळेच्या आतच क्रम सांगण्याची ही सोय एसक्यूलाइटमध्ये ३.४४ या आवृत्तीत, २०२३ साली आली; नव्या आवृत्तीचा आग्रह धरला तो यासाठी.

चित्र तिरके दिसत असेल तर दोष बहुधा टंकाचा, म्हणजे फॉन्टचा, असतो. सर्व अक्षरांना सारखी रुंदी देणारा टंक निवडावा. रिकाम्या जागेसाठी मी मुद्दाम बारीक बिंदू वापरला आहे, कारण ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा अनेक पडद्यांवर गिळल्या जातात. रंगीत इमोजी वापरायची असतील तर रिकाम्या घरासाठीही पांढऱ्या चौकोनाचे इमोजीच घ्यावे, म्हणजे रुंदी जुळते. ठिपक्याच्या जागी ‘श्री’ घालण्याचा मोह सर्वांनाच होतो, मलाही झाला. पण जोडाक्षरे आणि मात्रा एका घराची शिस्त पाळत नाहीत, आणि रांगोळीला पोक येतो.

एवढे साधले की ठिपक्यांना कडी द्यावीत. मध्यापासून ठिपका कितव्या कड्यात आहे, हे काढण्याचे सूत्र छोटे आहे: उभे अंतर घ्यावे, आणि आडवे अंतर उभ्या अंतरापेक्षा जितके जास्त असेल त्याचे अर्धे त्यात मिळवावे, आडवे अंतर कमी असेल तर काहीच मिळवू नये. एसक्यूलाइटमध्ये ते असे लिहिता येते:

```
ॲब्स(य - ६) + मॅक्स(०, (ॲब्स(क्ष - ११) - ॲब्स(य - ६)) / २)
```

मध्यावर उत्तर ० येते आणि कडेच्या सर्व ठिपक्यांवर ५. आता केसमध्ये आणखी एक फांदी घालून सम कड्यांना भरीव आणि विषम कड्यांना पोकळ ठिपका दिला की हे दिसते:

```
·····○·○·○·○·○·○·····
····○·●·●·●·●·●·○····
···○·●·○·○·○·○·●·○···
··○·●·○·●·●·●·○·●·○··
·○·●·○·●·○·○·●·○·●·○·
○·●·○·●·○·●·○·●·○·●·○
·○·●·○·●·○·○·●·○·●·○·
··○·●·○·●·●·●·○·●·○··
···○·●·○·○·○·○·●·○···
····○·●·●·●·●·●·○····
·····○·○·○·○·○·○·····
```

येथे डेटाबेस बदलणाऱ्यांनी थोडे सावध राहावे. दोन आकड्यांतील मोठा निवडणारे मॅक्स हे एसक्यूलाइटचे वैशिष्ट्य आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ग्रेटेस्ट लिहावे लागते. ग्रुप_कॉन्कॅटला पोस्टग्रेसमध्ये आणि २०१७ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्ट्रिंग_ॲग म्हणतात. मायएसक्यूएलमधील ग्रुप_कॉन्कॅट मूळ मांडणीत १०२४ बाइटनंतर माळ तोडते, आणि आपला एक ठिपका ३ बाइटचा असल्यामुळे मोठी रांगोळी उजवीकडून कापली जाते. ही मर्यादा वाढवता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अवतरणचिन्हाआधी रोमन एन हे अक्षर लावायला विसरलो तर ठिपक्यांऐवजी प्रश्नचिन्हांची रांगोळी मिळते. गंमत म्हणून तीही एकदा पाहावी.

एक सूचना मात्र मनापासून. हा खेळ स्वतःच्या संगणकावरच करावा. पूर्वीच्या एका नोकरीत मी जेवणाच्या सुट्टीत सर्वांच्या सामाईक सर्व्हरवर अशीच एक क्वेरी चालवली आणि ‘आडवे’च्या व्याख्येतील व्हेअरची अट लिहायची राहून गेली. आकडे १ पासून निघाले आणि थांबायचे विसरले. डबा संपवून परत येईपर्यंत महिनाअखेरचे अहवाल काढणारे सहकारी माझ्या खुर्चीभोवती जमले होते. एसक्यूएल सर्व्हर अशी धाव मूळ मांडणीत १०० पायऱ्यांवर आणि मायएसक्यूएल १००० पायऱ्यांवर स्वतःच रोखतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट असे कोणतेही बंधन घालत नाहीत. म्हणून नवे टेबल मांडताना मी आता थांबण्याची अट आधी लिहितो आणि वाढीची ओळ नंतर.

ठिपके झाले, आता रेघा. आतापर्यंतची रांगोळी अक्षरांची होती. रेघ ओढायची तर डेटाबेसला भूमिती यायला हवी. त्यासाठी पोस्टग्रेसला पोस्टजीआयएस हे विस्तारक जोडावे आणि निकाल पाहण्यासाठी पीजीॲडमिन वापरावे, ज्यात भूमितीच्या रकान्याच्या मथळ्यावरील खुणेवर क्लिक करताच आकृती दिसते. ठिपके दोनदा घेऊन ते टेबल स्वतःशीच जोडावे, एका हातात एक ठिपका आणि दुसऱ्या हातात त्याचा शेजारी, अशी कल्पना करून.

```
विथ ठिपके ॲज (
  सिलेक्ट क्ष, य,
         ॲब्स(य - ६) + ग्रेटेस्ट(०,
           (ॲब्स(क्ष - ११) - ॲब्स(य - ६)) / २) ॲज कडे
  फ्रॉम जनरेट_सीरीज(१, २१) ॲज क्ष
  क्रॉस जॉइन जनरेट_सीरीज(१, ११) ॲज य
  व्हेअर ॲब्स(क्ष - ११) + ॲब्स(य - ६) <= १०
    अँड (क्ष + य) % २ = १
)
सिलेक्ट एसटी_मेकलाइन(
         एसटी_मेकपॉइंट(अ.क्ष, अ.य * १.७३२),
         एसटी_मेकपॉइंट(ब.क्ष, ब.य * १.७३२))
फ्रॉम ठिपके अ जॉइन ठिपके ब
  ऑन अ.कडे = ब.कडे
  अँड ((ब.क्ष - अ.क्ष = २ अँड ब.य = अ.य)
    ऑर (ब.क्ष - अ.क्ष = १ अँड ॲब्स(ब.य - अ.य) = १));
```

जनरेट_सीरीज येथे मघाच्या ‘आडवे’ आणि ‘उभे’ यांचेच काम करते. शेजारी कोण, हे शेवटच्या दोन ओळी सांगतात: त्याच ओळीत दोन घरे उजवीकडे असलेला, किंवा वरच्या वा खालच्या ओळीत एक घर उजवीकडे असलेला ठिपका. डावीकडचे शेजारी जाणूनबुजून वगळले आहेत, कारण तेच नाते त्या दुसऱ्या ठिपक्याच्या बाजूने मोजले जाणारच आहे. दोन्ही बाजू ठेवल्या तर प्रत्येक रेघ दोनदा निघते. चित्रात दुहेरी रेघ दिसत नाही, म्हणून ही चूक केवळ उत्तराच्या ओळी मोजूनच पकडता येते. वरच्या क्वेरीत ९० रेघा यायला हव्यात, आणि त्यांतून एकात एक बसलेले ५ षटकोन तयार होतात. कड्याची अट पूर्ण काढून टाकली तर प्रत्येक ठिपका सर्व शेजाऱ्यांशी जोडला जातो, रेघा २४० होतात आणि त्रिकोणांची जाळी दिसते. १.७३२ हे ३ चे वर्गमूळ आहे. उभे अंतर तितके ताणले की षटकोनाच्या सर्व बाजू सारख्या भरतात, नाहीतर रांगोळी कोणीतरी वरून दाबल्यासारखी चपटी येते. पाकळ्या आणि कमळे येथून पुढे ज्याच्या त्याच्या कल्पनेवर आहेत. एवढेच सांगतो की प्रत्येक नवे नक्षीकाम म्हणजे ऑन या शब्दापुढची नवी अट, बाकी क्वेरीला हात लावावा लागत नाही.

आता संक्रांतीचा पतंग, आणि तोही मुंबईच्या नकाशावर. पीजीॲडमिनमध्ये आकृतीला ४३२६ हा क्रमांक दिला, म्हणजे तिचे आकडे पृथ्वीवरील रेखांश आणि अक्षांश आहेत असे सांगितले, की ती आकृती खऱ्या नकाशावर मांडली जाते. शिवाजी पार्क साधारण ७२.८४ पूर्व रेखांश आणि १९.०३ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे पतंग चढवण्यासाठी:

```
सिलेक्ट एसटी_जिओमफ्रॉमटेक्स्ट(
  'पॉलिगॉन((७२.८३८३ १९.०२७८, ७२.८३८९ १९.०२७१,
            ७२.८३८३ १९.०२६०, ७२.८३७७ १९.०२७१,
            ७२.८३८३ १९.०२७८))', ४३२६);
```

पतंगाला टोके चार, पण बिंदू पाच लिहिले आहेत. बहुभुजाची रेघ जेथून निघाली तेथेच परत यायला हवी, म्हणून पहिला बिंदू शेवटी पुन्हा द्यावा लागतो. तो विसरला तर आकृती उघडी असल्याची चूक दाखवून क्वेरी परत येते. अक्षांशाचा एक हजारांश अंश म्हणजे जवळजवळ ११० मीटर, त्यामुळे वरचा पतंग कोणत्याही गच्चीवर मावणारा नाही. मांजा हवा असेल तर खालच्या टोकापासून निघणारी रेघ युनियन ऑलने जोडावी. हेच काम एसक्यूएल सर्व्हरवर करणाऱ्यांना त्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओत भूमितीच्या आकृत्यांसाठी वेगळा टॅब मिळतो, आणि तेथे उत्तरातील ओळीओळीला वेगळा रंग आपोआप लागत असल्याने दहा पतंगांचे आकाश विनासायास रंगीत होते. तेथील भूमितीच्या आज्ञांमध्ये लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक मोजला जातो, एवढे ध्यानात ठेवावे.

गोल हवा असेल, समजा पतंगावरचा चाँद, तर एक बिंदू घेऊन त्याला एसटी_बफरने फुगवावे. मिळते ते खरे वर्तुळ नसून ३२ बाजूंचा बहुभुज असतो, पण डोळ्यांना तो गोलच वाटतो. फुगवण्याचे माप मात्र अंशांत द्यायचे आहे, मीटरमध्ये नाही. पहिल्या प्रयत्नात मी सहज १ लिहिले आणि उत्तरेला डहाणू, पूर्वेला लोणावळा पोटात घेणारा चाँद शिवाजी पार्कवर उगवला. ०.०००२ पुरते.

पतंग नकाशावर दिसलाच नाही, तर आकड्यांचा क्रम तपासावा. आपण बोलताना अक्षांश आधी आणि रेखांश नंतर म्हणतो, बहुतेक फोनवरील नकाशेही त्याच क्रमाने आकडे देतात, पण पोस्टजीआयएसला आडवा आकडा, म्हणजे रेखांश, आधी लागतो. क्रम उलटला तरी क्वेरी कोणतीही तक्रार न करता चालते. नकाशा खूप लहान करून वर, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे पाहावे. ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रावर, दादरचा पतंग एकटाच उडताना सापडेल.